हळदीच्या पाण्याचं कारंजं

रोहणा
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय नलूआत्या,

जयभीम. फोनवर तुझा आवाज पोचत नाही आणि मोबाइलवर टाइप केलं की तुझे डोळे दुखतात, तेव्हा पत्रच बरं. बाबांनी सांगितलं असेल, मला नोकरी लागली. रोहण्याहून आर्वीच्या रस्त्यावर तीनेक किलोमीटरवर संत्र्यांचं कोल्ड स्टोरेज आहे. तिथे मी सुरक्षा पर्यवेक्षक. नागपूरला दोन वर्षं घासून केलेली पदविका एकदाची कामी आली. खोली गावातच मिळाली आहे.

पहिल्या दिवशी चंद्रभानकाकांनी मला मशीनची खोली दाखवली. बावीस वर्षं तेच मशीन चालवतात. बाहेर अंगावर घाम, आणि आत पाइपांवर माझ्या मनगटाएवढा जाड बर्फ. काकांनी सांगितलं, या पाइपातून अमोनिया फिरतो. गोदामातली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो आणि पुन्हा आत जातो. रात्रंदिवस. आत्या, हे मी पुस्तकात पन्नास वेळा वाचलं होतं. पण समोर पाहिलं तेव्हा हात आपोआप जुळले, देवळात किंवा विहारात जुळतात तसे. एका खोलीत महिन्यापूर्वी तोडलेली संत्री होती. एक उचलून पाहिलं तर देठाचं पान अजून हिरवं होतं.

त्या खोलीला लागूनच प्रतवारीचा हॉल आहे. तिथे चौतीस बायका संत्री निवडतात, पेट्या भरतात. मध्ये एकच भिंत. सगळ्यात जुन्या मीराबाई. आवाज असा, की हॉलच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाची पेटी थांबते.

आता अडचण सांगते. अमोनियाची माहिती म्हणून भिंतीवर सोळा पानं चिकटवलेली आहेत. सगळी इंग्रजीत. मराठीत एकच शब्द आहे, ‘सावधान’. कशापासून, ते लिहिलेलं नाही. आमचे व्यवस्थापक योगेंद्रसर म्हणाले, महिन्याच्या आत सगळ्यांचं प्रशिक्षण झालं पाहिजे. मला परीक्षेत लिहिता येतं, पण बायकांपुढे उभं राहून काय बोलू? तू तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढलीस. सांग.

तुझी
मयुरी


पिपरी मेघे
१५ फेब्रुवारी २०२५

चि. मयुरी,

तुहं पत्र भेटलं. दोनदा वाचलं. बर्फाचं वाचून मले लय बरं वाटलं. ज्या वस्तूचं आपल्याले नवल वाटते, तिची आपुन कदर करतो. नुसतं भ्याव वाटलं तं माणूस दोन दिवसात विसरते.

आता आयक. मी काही शिकलेली नाई. प्रयोगशाळेत परिचर होती, बाटल्या धुवायची, मांडणी करून द्यायची. पण सर लोक जे सांगत ते तीस वर्षं कानावर पडलं. अमोनिया लय वासाचा हाय. डोये जाळते, घसा जाळते, जास्त झाला तं जीव घेते. पण त्याची एक गोष्ट ध्यानात ठेव. पाणी दिसलं का तो पाण्यात शिरते. पाणी त्याले पिऊन टाकते. एक बादली पाणी शेकड्यानं बादल्या गॅस पिते. म्हणून तोंडाले ओला कपडा. म्हणून डोये पाण्यानं धुवायचे, घड्याळ लावून पाव तास. म्हणून ढगावर पाण्याचा फवारा.

दुसरं, वारा. वारा ज्या दिशेनं जाते, त्या दिशेनं पयायचं नाई. गॅसही तिकडंच येते. वाऱ्याच्या आडवं जायचं.

बायाईपुढं कागद वाचू नोको. तू बोलजो कमी, त्याईले बोलू देजो. त्याईले विचार का वारा इथं कोठून येते. पाणी कोठं हाय. दारं किती, आणि कोनतं बंद राह्यते. त्या तुह्यापेक्षा जास्त सांगतीन. मग मले लिहजो, त्या काय म्हणाल्या ते.

तुही
नलूआत्या


रोहणा
२ मार्च २०२५

प्रिय आत्या,

तुझ्या पत्राचा फार उपयोग झाला. प्रशिक्षण पार पडलं. नोंदवहीत चौतीसच्या चौतीस सह्या आणि अंगठे आहेत. योगेंद्रसर खूश आहेत. म्हणाले, इतक्या लवकर कोणी केलं नव्हतं.

इथल्या गमती तुला सांगायच्या राहिल्या. लीलाबाई म्हणून एक आहेत, पस्तिशीच्या, शांत, हात फार चपळ. त्या रोज जेवणानंतर आपला दुपट्टा धुतात आणि भिंतीवरच्या पिवळ्या पाइपावर वाळत घालतात. म्हणे बाकी पाइप गार, हाच एक कोमट. मास्क आणि हवेच्या नळकांड्या नव्याकोऱ्या आहेत, ऑफिसच्या कपाटात अजून प्लास्टिकमध्येच. धूळ बसू नये म्हणून सरांनी उघडू दिल्या नाहीत. आणि मागच्या दाराला कुलूप असतं, कारण तिकडून संत्र्याच्या बागेतली माकडं आत शिरतात. एकदा एक माकड पेटीत बसून आर्वीपर्यंत गेलं होतं म्हणे.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर करते.

तुझी
मयुरी


पिपरी मेघे
७ मार्च २०२५

मयुरी,

प्रशिक्षण झालं नाई.

झालं असतं तं लीलाबाईनं दुपट्टा त्या पाइपावर टाकला नसता. झालं असतं तं मास्क प्लास्टिकात नसते, आणि मागच्या दाराचं कुलूप तुले गंमत वाटली नसती. त्या काय म्हणाल्या ते लिहजो म्हणलं होतं. तुह्या पत्रात त्याईचं एकही वाक्य नाई. निस्त्या सह्या हाय.

आता मी तुले एक गोष्ट सांगते, ते तुह्या बाबालेही ठाऊक नाई. माहा आवाज घशाच्या गाठीनं गेला असं साऱ्याईले सांगतलं हाय. गाठ नव्हती. शहाण्णव सालची गोष्ट. कपाटातल्या एका बाटलीवरचा कागद गळून पडला होता. सर म्हणाले, नलू, वास घेऊन सांग त्याच्यात काय हाय. मी झाकण काढलं आणि वास घेतला. मंग मले दवाखान्यातच जाग आली. सर वाईट नव्हते, रोज भेटायले येत. पण म्हणाले, गाठ होती म्हणून सांग, कॉलेजची बदनामी नको. मी तसंच सांगत आली.

त्या बाटलीत काय होतं, मले आजही ठाऊक नाई. कोनी सांगतलं नाई आणि मीही विचारलं नाई. आवाज गेला त्याचं दुःख जुनं झालं. विचारलं नाई, याचं नाई झालं.

तू काय केलं ते मले लिहजो. मी रागावणार नाई. पण खरं लिहजो.

नलूआत्या


रोहणा
१९ मार्च २०२५

प्रिय आत्या,

आठवडाभर तुझं पत्र उशीखाली ठेवून झोपते आहे. आता खरं लिहिते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी योगेंद्रसर नोंदवही घेऊन आले. म्हणाले, संत्र्याचा मोसम आहे, हॉल थांबवता येत नाही, सह्या घेऊन टाक, पावसाळ्यात निवांत शिकव. मी पेटीपेटीशी जाऊन सह्या घेतल्या. मीराबाईंनी विचारलं, हे कायचं हाय. मी म्हणाले, सुरक्षेचं. त्यांनी अंगठा दिला. माझ्यावर विश्वास ठेवून दिला, आत्या. आणि खाली ‘प्रशिक्षण दिले’ म्हणून माझी सही आहे.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले. नोंदवही उघडली, माझी सही त्यांच्यासमोर खोडली आणि बाजूला लिहिलं, ‘प्रशिक्षण झालेले नाही.’ तारीख टाकली. वाटलं, आता नोकरी गेली. सर ते पान वाचून म्हणाले, ‘मला स्वतःलाच माहीत नाही गॅस फुटला तर काय करायचं. सात वर्षं झाली इथे येऊन.’

एवढंच बोलले. संध्याकाळी कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. मास्क उघडले. मागच्या दाराचं कुलूप काढून आतून कडी बसवली आणि माकडांसाठी बाहेर जाळी लावली. पिवळ्या पाइपावर काय चालतं ते लीलाबाईंना सांगितलं, तर त्या घाबरल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ‘मंग आतून तो केवढ्या जोरानं जात असन?’ ते मी चंद्रभानकाकांना विचारून दुसऱ्या दिवशी सांगितलं.

गुरुवारी, ३ एप्रिलला, सरांनी जेवणानंतर एक तास हॉल बंद ठेवायचं कबूल केलं आहे. आत्या, तू ये. मला नुसतं बोलायचं नाही, त्यांना दाखवायचं आहे. पाणी त्याला पितं म्हणालीस, ते दाखवता येतं का?

मयुरी


पिपरी मेघे
६ एप्रिल २०२५

चि. मयुरी,

घरी सुखरूप पोचली. चंबू फुटला नाई. येताना पुलगावच्या गाडीत एक बाई विचारत होती, गोधडीत गुंडाळून मांडीवर काय घेतलं, नातू हाय का. मी मान हालवली.

तू त्या दिवशी कामात होती. मास्क, पाण्याचे पाइप, सरांच्या मागं धावपळ. म्हणून मले काय दिसलं ते लिहून ठेवते.

चंबू मोहिनी मॅडमनं दिला. आता त्याच प्रयोगशाळेच्या प्रमुख हाय त्या. अमोनिया लागला का गुलाबी होते ते औषध माह्याजवळ नव्हतं, म्हणून हळद स्पिरिटात भिजवून नेली होती. अंगणात, उघड्यावर, नवसागर आणि चुना तापवला. गॅस उलट्या चंबूत भरला. खाली हळदीच्या पाण्याची बादली, मधात काचेची नळी. बाया गोल करून उभ्या. मी बोलायले लागली आणि ध्यानात आलं का माहा आवाज दुसऱ्या रांगेतही जात नाई. मले तं रडू आलं असतं. तेवढ्यात मीराबाई माह्याजवळ येऊन उभी राह्यली. कान माह्या तोंडाशी लावला आणि म्हणाली, सांगा बाई. मी एक वाक्य पुटपुटायची, ते ती साऱ्या अंगणाले आयकवायची. तीस वर्षं सरांचं बोलणं मी आयकलं. माहं बोलणं इतल्या लोकाईनं पयल्यांदा आयकलं, तेही तिच्या गळ्यातून.

मंग मी पिचकारीनं चार थेंब पाणी चंबूत सोडलं. एक क्षण काईच झालं नाई. आणि मंग खालचं पाणी नळीतून उसळून वर गेलं. कोनी ढकललं नाई, कोनी ओढलं नाई. कारंजं झालं. पिवळं पाणी वर जाता जाता लालसर व्हाले लागलं, कुंकवासारखं. चंबू भरत आला तरी थांबेना. मयुरी, मी हे कारंजं किती वर्षं मांडलं, मोजदाद नाई. पण मुलं वही उघडून पाह्यत. या बाया श्वास धरून पाहून राह्यल्या होत्या. पाखराईचा आवाज येत होता तेवढा.

मंग मीराबाई म्हणाली, ‘एवढा तान्हेला हाय का हा?’

मी म्हणलं, तो नाई, पाणी तान्हेलं हाय. ते त्याले पिते. तिनं ते मोठ्यानं सांगतलं, आणि मले दिसलं का एकेकीच्या तोंडावर ते उतरून राह्यलं.

चंद्रभान मागं उभा होता. त्यानं डोक्याचं फडकं काढलं. माह्याजवळ येऊन हयूच म्हणाला, ‘बाई, बावीस वर्षं याच्या संगं राह्यलो. याचं तोंड आज पाह्यलं.’ त्याचे डोये भरले होते. मी दुसरीकडं पाह्यलं.

वाऱ्याचं मी बोलायच्या आधीच त्याईनं सांगतलं. उन्हाळ्यात दुपारी वारा मावळतीकडून येते, मेन गेटाकडं जाते. म्हणजे जे दार आपुन नेहमीचं धरलं होतं, तेच वाऱ्याच्या वाटेत. हे तुह्या नकाशात नव्हतं. मीराबाईनं आपल्या जुन्या लुगड्याचा लाल पट्टा फाडून बांबूले बांधला, तो तू पाह्यलाच. आणि तीन बोल तिनंच बसवले, ‘वल्लं करा, पट्टा पाहा, आडवं चाला.’ माहं अर्ध्या तासाचं बोलणं तिनं सहा शब्दात आणलं.

दर पंधरा दिवसानं सराव घेजो. कंटाळा आला तरी घेजो.

नलूआत्या


रोहणा
१६ मे २०२५

प्रिय आत्या,

आम्ही सगळे ठीक आहोत, एवढं बाबांनी तुला कळवलं असेल. बाकीचं मीच सांगायला हवं होतं.

मंगळवारी दुपारी पावणेतीनला मशीनच्या खोलीत पाइपाच्या एका जोडाचं पॅकिंग गेलं आणि अमोनिया सुटला. आधी आवाज आला, कुकरच्या शिट्टीसारखा, पण न थांबणारा. मग हॉलच्या भिंतीच्या वरच्या झरोक्यातून पांढरा लोट आत आला. सकाळच्या धुक्यासारखा, पण खाली उतरणारा. वास आला आणि डोळ्यांपुढे काही दिसेना. खरं सांगते, शिकलेलं सगळं गेलं डोक्यातून.

तेवढ्यात मीराबाईंचा आवाज आला. ओरडल्या नाहीत, संत्र्याच्या पेट्या मोजतात तशा ठाम म्हणाल्या. वल्लं करा. पट्टा पाहा. आडवं चाला. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. बायकांचे दुपट्टे आणि पदर दाराजवळच्या पाण्याच्या पिंपात बुडाले. खिडकीतून लाल पट्टा दिसत होता, सरळ गेटाकडे ताणलेला. सगळ्या वाऱ्याला आडव्या, मागच्या दाराने बागेत निघाल्या, एकमेकींचे खांदे धरून. कोणी पळालं नाही. योगेंद्रसर ऑफिसातून निघून सवयीने गेटाकडे धावत होते. मीराबाईंनी बागेतून हाक दिली, ‘सायेब, पट्टा पाहा.’ सर जागच्या जागी थांबले आणि वळले.

चंद्रभानकाकांनी हवेची नळकांडी पाठीला लावली, सरावात लावायचे तशीच, आणि मुख्य झडप बंद करायला गेले. आदेश नावाचा त्यांचा जोडीदार काकांच्या कमरेचा दोर धरून बाहेर उभा होता. मी आणि सरांनी पाण्याचा फवारा ढगावर धरला. आत्या, मी ते डोळ्यांनी पाहिलं. पाणी जिथे जिथे जात होतं, तिथे ढग विरत होता. तू दाखवलेलं चंबूतलं आता आभाळाएवढं झालं होतं. भीती होतीच. पण हात फवाऱ्यावर आणि मन नुसतं बघत राहिलेलं.

मग बागेत मोजणी केली. तेहतीस.

लीलाबाई नव्हत्या.

कोणीतरी म्हणालं, आवाज व्हायच्या आधी त्या मोरीत गेल्या होत्या. मोरी हॉलच्या कोपऱ्यात, मशीनच्या भिंतीला लागून. आत्या, मी दारं मोजली, खिडक्या मोजल्या, आणि मोरी विसरले. नकाशात ती मी काढलीच नव्हती. मी आत धावणार होते. मीराबाईंनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की त्यांच्या बांगड्यांचे वळ अजून आहेत. म्हणाल्या, ‘मास्क नाई तं आत नाई. तूच सांगतलं.’ त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गॅसचं की दुसरं, मला ठाऊक नाही. लीलाबाई त्यांच्या शेजारच्या घरातल्या आहेत, मीराबाईंनीच त्यांना कामावर आणलं. तरी हात सोडला नाही.

आर्वीहून अग्निशमनची गाडी यायला पंचवीस मिनिटं लागली. मास्कला लागणाऱ्या नळकांड्या दोनच; दुसरी आदेशच्या पाठीवर होती, आणि काका झडप बंद करून गाडीच्या वेळेलाच बाहेर आले, तोवर त्याला हलता येत नव्हतं. ती पंचवीस मिनिटं मी जन्मभर विसरणार नाही.

अग्निशमनचे दोघे मास्क लावून आत गेले. त्यांनी नंतर सांगितलं, मोरीच्या दाराखालून पाण्याचा ओघळ हॉलभर आला होता. दार उघडलं तर आत दोन्ही नळ सुरू. दाराच्या फटीत ओला दुपट्टा आणि ओलं पोतं ठासलेलं. लीलाबाई जमिनीवर बसून मगाने दारावर पाणी फेकत होत्या. एक मग, दुसरा मग. थांबल्याच नव्हत्या.

डोळे लाल झाले होते, खोकला होता. दोन रात्री दवाखान्यात ठेवलं, काल घरी सोडलं. मी भेटायला गेले तेव्हा विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? दार बंद करून असं बसायचं, हे मी शिकवलं नव्हतं. आत्यानेही नाही.

त्या म्हणाल्या, ‘कोनी नाई. बाहेर जाणं होत नव्हतं. दाराच्या खालून पांढरं येऊन राह्यलं होतं. मंग ते कारंजं आठवलं. पाण्याले म्हणलं, पी.’

आत्या, मी त्यांचे हात हातात घेतले. मगाने पाणी फेकून तळवे सोलले होते.

तुझी
मयुरी


पिपरी मेघे
२२ मे २०२५

चि. मयुरी,

तुहं पत्र वाचून झाल्यावर लय वेळ अंगणात बसली होती. बाजूची बाई विचारायले आली, काही वाईट खबर हाय का. मी म्हणलं, नाई.

मोरी तू विसरली तशी मीही विसरली. त्या अंगणात उभी राहून मी दारं विचारली, पण आडोसे विचारले नाई. आता मोरीले दुसरं दार बसवून घेजो, आणि सरावात एकीले मुद्दाम मोरीत बसवजो. चुकी लिहून ठेव. पुढच्या पोरीले कामी येईन.

मले वाटत होतं का मी त्याईले चार गोष्टी शिकवल्या. लीलाबाईनं जे केलं ते चार गोष्टीत नव्हतं. तिनं पाण्याचा स्वभाव ओळखला आणि एकटी, बंद खोलीत, त्याच्यावर जीव टाकला. पुस्तक लिहणाऱ्याले सुचायले वर्षं लागते, ते तिले एका मगाच्या वेळात सुचलं. भेटशीन तं माह्याकडून तिच्या हाताले हात लाव.

मी मोहिनी मॅडमकडं गेलती. जुनं कपाट काढलं. ज्या बाटल्याईवर कागद नाई, त्या एकेक करून तपासायचं ठरवलं हाय, शनिवारी शनिवारी. त्या तपासतीन, मी कागद चिकटवीन. वास घ्यायचा नाई, हे मी दारावर लिहून लावलं.

नलूआत्या


मु. रोहणा
१४ जुलै २०२५

नलूबाईले लीलाबाईचा नमस्कार.

मयुरी मॅडमकडून पत्ता घेतला. मी सातवीपर्यंत शिकली हाय, अक्षर खराब झालं तं माफी करजा. हात आता बरे हाय. डोयेही बरे हाय. मोरीले दुसरं दार झालं. गेल्या सरावात मलेच तिथी बसवलं, साऱ्या हासल्या.

पत्र लिहायचं कारण दुसरं हाय. आता कपाशीवर फवारणी चालू झाली. माह्या पोरीचे, रोशनीचे बाबा लोकाईच्या वावरात फवारणीले जाते. दरसाल जाते. घरी आले का डोकं दुखते म्हणते, उलटी होते, मंग झोपून राह्यते. आम्हाले वाटे का उन्हाचं होते. यंदा मी डबा हातात घेऊन पाह्यला. त्याच्यावर लय बारीक लिहलं हाय, आणि एक तिकोन हाय, त्याच्यात लाल रंग. मी कारखान्यात चार महिन्यापासून भिंतीवरचं, मयुरी मॅडमनं मराठीत लावलेलं, वाचून राह्यली. घरचं कधी वाचलं नाई.

तीन डबे हाय. तिन्हीवरचं नाव या कागदाच्या मागं उतरवून धाडून राह्यली. एक इंग्रजीत हाय, ते जसं दिसलं तसं काढलं, वाचता येत नाई. तुमी आणि तुमच्या मॅडम पाहून सांगजा. हे अंगाले लागलं तं पाण्यानं जाते का. तोंडाले ओला कपडा याच्यात चालते का उलटा नुकसान करते. वाऱ्याचं इथंही तसंच हाय का. मी आपल्या मनानं सांगू शकते, पण याचा स्वभाव मले ठाऊक नाई. न समजता सांगायचं नाई, हे मी तुमच्याकडून घेतलं.

आज सकाळी ते पंप पाठीवर घेऊन निघाले होते. मी दारात उभी राह्यली. म्हणलं, बाईचं उत्तर येईपर्यंत डबा उघडायचा नाई. त्याईनं विचारलं, काऊन. मी साऱ्या गोष्टी सांगतल्या, चंबूची, मोरीची, साऱ्या. ते दवाखान्यात आले होते तवा त्याईनं काही विचारलं नव्हतं. आज आयकत राह्यले, पंप पाठीवर तसाच.

मंग त्याईनं पंप उतरवला. डबा हातात घेतला, उजेडाकडं धरला, आणि मले म्हणाले, हे वाच बरं काय लिहलं ते. आम्ही दोघं उंबऱ्यावर बसून वाचून राह्यलो. पयली ओळ झाली हाय.

लीलाबाई